स्पेसबारने पाडलेले रकाने

माझ्या नोकरीत मला सगळे 'सर' म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही म्हणाल असं वाटत नाही.

कॉम्प्युटरवर पत्रं, तक्ते, अहवाल नीटनेटके कसे करायचे ते मी शिकवतो. मोठ्या कचेऱ्या आपली माणसं माझ्याकडे पाठवतात. ती मागच्या बाकांवर बसून मोबाइल बघतात आणि मी पडद्यासमोर उभा राहून त्यांना सुधारतो. माझा सगळ्यात आवडता पाठ टॅब स्टॉपचा. "रकाने पाडायला स्पेसबार बडवू नका," मी बोट उगारून सांगतो. "वरच्या रूलरवर टॅब स्टॉप लावा. एकदा लावला की टॅबची कळ दाबायची, कर्सर नेमका त्या जागी जाऊन थांबतो. मग अक्षर बदला, आकार बदला, रकाना हलायचा नाही. स्पेसबारने पाडलेला रकाना म्हणजे वाळूतली भिंत." 'वाळूतली भिंत' म्हटल्यावर मी जरा थांबतो, लोकांना लिहून घेता यावं म्हणून. अजून कोणी लिहून घेतलेलं नाही.

आणि घरी मी काय करतो? स्पेसबार बडवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टॅब स्टॉप लावणं ही वर्गातली गोष्ट, घरी कोण बघायला बसलंय? टक टक टक टक, डोळ्यांना सरळ दिसलं, संपलं काम.

हा आळस मला शोभत नाही, कारण मी अण्णांचा मुलगा. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. भाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आम्ही राहायचो आणि बाहेरच्या खोलीत यंत्रं खडखडायची. टाइपरायटरला मागच्या बाजूला बारीक लोखंडी खाचा असत. रकाना जिथे हवा तिथे खाच लावायची आणि कळ दाबायची, की कागदाची गाडी सर्रकन जाऊन तिथेच थांबायची. जागा मोजत टकटक करणाऱ्या पोराच्या पाठीत अण्णांची स्टीलची पट्टी बसायची. सर्वांत जास्त वेळा ती माझ्या पाठीत बसली, कारण परक्याच्या पोराला मारताना ते थोडा विचार करायचे.

क्लास कधीच बंद झाला. आई गेल्यापासून अण्णा तिथे एकटेच राहतात. एकच टाइपरायटर उरलाय, खिडकीपाशी, आवरण घातलेला. डोळ्यांनी दगा दिलाय. समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण ते दिसत नाही. पण कान तिखट. सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात, स्वयंपाक करतात, गोळ्या देतात आणि अण्णांची बोलणी खातात. "मला उचलून नेईपर्यंत मी इथेच," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. ताईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, ठरलेलं वाक्य याच्या बरोब्बर उलट. तिच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली अण्णांसाठी केव्हाची तयार आहे. पलंगावर चादरसुद्धा घातलेली आहे.

त्यात डॉक्टरांनी अण्णांच्या गोळ्या बदलल्या. कोणती सकाळी, कोणती रात्री याचा मावशींसाठी एक कागद हवा होता. ताई म्हणाली, "मी देते हाताने लिहून." मी हसलो. घरात माझ्यासारखा माणूस असताना हाताने?

मी बसलो. 'मोरपीस' नावाचा एक नखरेल फाँट मी नुकताच विकत घेतला होता. डावीकडे गोळ्यांची नावं, पुढे दोन रकाने: सकाळ, रात्र. त्यांच्याखाली बरोबरच्या खुणा. खुणा जागेवर आणायला अर्थातच स्पेसबार. भोवती वेलबुट्टीची चौकट. वर 'अण्णांचे औषध-वेळापत्रक' आणि खाली बारीक अक्षरांत 'संकल्पना व मांडणी' लिहून माझं नाव. बायकोने डोकावून विचारलं, "गोळ्या द्यायच्यात की प्रदर्शन भरवायचंय?" मी दुर्लक्ष केलं. फाइल अण्णांच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला पाठवली आणि रंगीत छापून लॅमिनेट करायला सांगितली. मावशींनी तो कागद आणून फ्रिजवर चिकटवला.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा फ्रिजसमोर उभा राहून त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. चौकट फारच छान आली होती. चौकटीच्या आत बघायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर अण्णा बिघडत गेले. सकाळी चहाचा कप हातात धरून झोपायचे. दुपारी कोणी भेटायला आलं तर वाक्य अर्धं टाकून मान खाली. आणि रात्रभर जागे, सारखे उठून बाथरूमला. एकदा अंधारात दाराच्या चौकटीवर आपटले आणि कोपर सोलून घेतलं. बोलणं जड झालं, मधेच आईला हाक मारू लागले. ताई रडत मला फोन करायची आणि मी समजूतदार आवाजात सांगायचो, "वय झालं गं." डॉक्टरही फोनवर म्हणाले, वय आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन या, बघू.

एका सकाळी मात्र अण्णांचाच फोन आला. मावशींनी लावून दिला होता.

"अरे, ही लांबट गोळी सकाळी कशी देतायत मला? हिच्यावर मधे खाच आहे. ही झोपेची. ही रात्रीची."

गोळ्या त्यांना बोटांनी कळतात. मला ते माहीत होतं. तरी मी काय म्हणालो?

"अण्णा, कागदावर आहे तेच बरोबर. मी स्वतः टाइप केलंय."

अण्णा म्हणाले, "बरं. तू टाइप केलंयस म्हणतोस तर घेतो."

आणि मी लगेच ताईला फोन करून कळवलं, "आता गोळ्यासुद्धा लक्षात राहत नाहीत त्यांच्या." अशी माझी हुशारी. ताईने त्याच दिवशी निर्णय घेतला. अण्णांना तिच्याकडे न्यायचं, जागा मालकाला परत द्यायची. मालक त्या जागेवर टपूनच बसला होता. एकदा किल्ली दिली की ती परत मिळायची नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. अण्णांना सांगितलं, तर ते "हं" म्हणाले आणि झोपले. ते हो म्हणाले असं आम्ही धरून चाललो.

रविवारी दुपारी आम्ही दोघं अण्णांकडे जमलो. अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीत, हनुवटी छातीवर टेकवून. त्यांच्याच शेजारी, टाइपरायटरच्या टेबलावर, मी माझा लॅपटॉप उघडला. आधी मालकाला जागा सोडत असल्याचं पत्र केलं. ते झटक्यात झालं, त्यात रकाने नव्हते. मग सामानाची यादी घेतली. चार रकाने: वस्तू, ताईकडे, माझ्याकडे, भंगार. ताई आतल्या खोलीत कपाटं उपसत होती आणि तिथून एकेक नाव ओरडत होती.

"मोठं पातेलं! माझ्याकडे घाल."

टक टक टक, खूण.

"लाकडी स्टूल! पाय हलतोय. भंगार."

टक टक टक टक टक टक, खूण.

मग ती दारात आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "टाइपरायटरचं काय?"

"तू ने."

"नाही रे. यांना जरा आवाज सहन होत नाही. वर ठेवला आणि अण्णांनी एकदा जरी बडवला तर घर डोक्यावर घेतील. तू ने ना."

निघताना बायकोने दारातच बजावलं होतं, "लोखंड आणू नका." मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. ती आत गेली. मी 'टाइपरायटर' लिहिलं आणि शेवटच्या रकान्याच्या दिशेने निघालो. टक टक टक टक टक टक. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, आणि वाईट वाटलं की माझी बोटं जास्त जोरात पडतात.

"कोण आहे रे तो?"

अण्णांनी डोळे उघडले नव्हते.

"मी आहे, अण्णा. झोपा तुम्ही."

"झोपलोच होतो. रकाने पाडतोयस?"

"हो. छोटंसं काम आहे."

"स्पेसबारने?"

बाप समोर असला की माणूस आपोआप लहान होतो. माझी पाठ ताठ झाली. स्टीलची पट्टी कुठे आहे ते बघून घेतलं.

"अण्णा, हा कॉम्प्युटर आहे. यात चालतं."

"चालतं?" ते सावकाश, शब्द गोळा करत बोलत होते. "आमच्या यंत्रात सगळी अक्षरं एका मापाची. तरी आम्ही खाच लावायचो. तुमच्यात म्हणे एक अक्षर बारीक, एक रुंद. तूच सांगितलं होतंस. मग जागा मोजून रकाना कसा जुळेल रे, गाढवा?"

हा माझाच पाठ होता. वाळूतली भिंत. फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

"पडद्यावर जुळतोय ना, अण्णा."

"पडद्यावर." अण्णांची हनुवटी पुन्हा छातीवर टेकली. मला वाटलं पुन्हा झोप लागली. मी बोट स्पेसबारवर ठेवलं, आणि त्यांनी डोळे उघडले. "माझ्या गोळ्यांचा कागद असाच केलायस का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

फ्रिजवर माझी वेलबुट्टी चमकत होती. या वेळी मी चौकटीच्या आत बघितलं. अक्षर मोरपीस नव्हतंच. झेरॉक्सवाल्याकडे तो फाँट नसणार. त्याच्या कॉम्प्युटरने आपल्याजवळचा कुठला तरी जाडजूड फाँट लावला होता. त्यातली अक्षरं रुंद आणि मोकळ्या जागा अरुंद. पाण्याच्या गोळीचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या सकाळच्या गोळीचं, नाव लांबलचक, ते आणखी पसरलं आणि तिची खूण ढकलत ढकलत 'रात्र'खाली गेली. झोपेच्या गोळीचं नाव दोन अक्षरी, तिच्यापुढे माझ्या टकटकीच्या भरपूर मोकळ्या जागा; त्या आकसल्या आणि तिची खूण 'सकाळ'खाली आली. रक्तदाबाच्या गोळीला दोन्हीकडे खुणा होत्या, म्हणून ती तेवढी शहाण्यासारखी दिसत होती.

म्हणजे माझे वडील सकाळी झोपेची गोळी घेऊन दिवसभर पेंगत होते आणि रात्री पाण्याची गोळी घेऊन बाथरूमला धावत होते. आणि खाली बारीक अक्षरांत, संकल्पना व मांडणी, माझं नाव. ते मात्र जागच्या जागी होतं.

कोपर सोललं होतं ते डोकं असतं तर, हा विचार आला. मोबाइलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता, तो काढून पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. शंकाच नव्हती.

ताईला हाक मारली. तिने कागद बघितला, फोटो बघितला, मग मला बघितलं.

"झेरॉक्सवाल्याने फाँट बदलला," मी म्हणालो. नाचता येईना, अंगण वाकडं.

"त्या बिचाऱ्याचं नाव काढू नकोस," ताई म्हणाली. "अण्णा सांगत होते ना तुला? ही रात्रीची गोळी म्हणून? आणि तू मला काय सांगितलंस?"

"गोळ्या लक्षात राहत नाहीत म्हणून."

"त्यांचं डोकं फिरलं म्हणून मी त्यांचं घर उचलायला निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर तिथे बसून यादी करतोय!" ती बोलता बोलता रडायला लागली. तिला गप्प करायला मी पुढे झालो तर तिने माझ्या हातावर फटका मारला. योग्यच केलं.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आज रात्री पाण्याची गोळी देऊ नका, बाकी कसं द्यायचं ते लिहून घ्या, आणि उद्या सकाळी त्यांना घेऊनच या. शेवटी विचारलं, "कागद कोणी केला होता?" मी म्हणालो, "घरातल्याच एकाने."

बाहेर आलो. अण्णा जागे होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी वेडा झालो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"मला वाटायला लागलं होतं, झालो म्हणून." एवढं बोलून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग एकदम त्यांच्या आवाजात क्लासचे मास्तर आले. "बस. नवीन कागद कर. माझ्यासमोर. पट्टी दे."

मी बसलो. ताई माझ्यामागे हात बांधून उभी. वर्गात शेकडो माणसांना शिकवलेला पाठ मी दोन माणसांपुढे करायला बसलो. रूलरवर एक स्टॉप लावला, टॅब दाबला. खूण छान जागेवर गेली. दुसऱ्या ओळीत टॅब दाबला, तर खूण भलतीकडेच.

"का रे?" ताईने विचारलं.

सगळ्या ओळी आधी निवडायच्या आणि मग स्टॉप लावायचा. नाहीतर तो कर्सर असलेल्या एकाच ओळीला लागतो. ही चूक करणाऱ्यांना मी वर्गात "अहो, लक्ष कुठे आहे?" असं विचारतो. आता सगळ्या ओळी निवडल्या. स्टॉप सरकवताना माझ्याच हातून तो रूलरच्या खाली ओढला गेला आणि नाहीसा झाला.

"आता काय झालं?" अण्णा.

"पडला."

"खाच पडली? आमच्या यंत्रात पडत नव्हती."

तिसऱ्यांदा जमलं. अण्णा माप सांगत गेले: नावांसाठी एवढी जागा सोड, दोन रकान्यांत एवढं अंतर ठेव, मावशींना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. माप सांगताना त्यांचा अंगठा पट्टीवरच्या रेघा चाचपत होता. ओढून नेमकं जमेना, म्हणून मी टॅबची चौकट उघडून आकडेच टाकले. खुणा शीर्षकाच्या बरोबर मधोमध याव्यात म्हणून मध्यावरचा स्टॉप निवडला. एकेक टॅब दाबत गेलो. खुणा गुमान आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

"झालं?"

"झालं, अण्णा."

"आता अक्षर बदल."

मी मोरपीस काढून टाकलं आणि सगळ्यात जाड, सगळ्यात कुरूप फाँट लावला.

अण्णांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी मान ताईच्या दिशेने वळवली. "हलले का गं रकाने?"

ताईने वाकून बघितलं. एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघितलं. "नाही हलले, अण्णा."

"पुन्हा बदल."

असं त्यांनी माझ्याकडून बरेच फाँट बदलून घेतले. शेवटी पट्टी मांडीवर ठेवली आणि "पास" म्हणाले. कसाबसा, असं चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चौकट मी या वेळी घातली नाही. माझं नावही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, मला चार शब्द सुनावले आणि सांगितलं, निभावलं थोडक्यात. दिवस पुन्हा दिवस आणि रात्र पुन्हा रात्र व्हायला थोडा वेळ गेला. मग अण्णा पुन्हा सकाळी दाढी करून खुर्चीत बसू लागले, मावशींच्या आमटीत मीठ कमी आहे हे त्यांना पुन्हा कळू लागलं. ताईने वरच्या खोलीतली चादर काढून धुतली आणि पुन्हा घातली. तिचं वाक्य अजून तेच आहे, पण ते ती हल्ली माझ्यासमोर म्हणत नाही. मालकाचं पत्र मी लॅपटॉपमधून पुसलं. यादी पुसायची राहिली होती.

परवा अण्णांकडे गेलो तर ते टाइपरायटरचं आवरण काढून, फडक्याने त्याच्या दांड्या पुसत बसले होते.

"त्या दिवशी यादी कसली करत होतास?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "सामानाची. कोणतं कुठे न्यायचं त्याची."

"हा कुठल्या रकान्यात होता?"

"भंगार, अण्णा."

फडकं थांबलं नाही. ते मागे गेलं, खाचांच्या दांडीवर सावकाश फिरलं. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "खाच लावून गेला होतास की टकटक करत?"

"टकटक करत."

"तेच बरं झालं," अण्णा म्हणाले. "टॅब दाबला असतास, तर मला ऐकू आलं नसतं."